दिवाणाखाली मावेल आणि गाडीतून नेता येईल असा छोटा मॉडेल रेल्वे लेआउट: नाशिकचा कोणता प्रसंग घ्यावा?

जेलरोडकर:

नमस्कार. नाशिक रोडला जेल रोड भागात तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहतो. माझ्याकडे एचओ प्रमाणातली, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराची, काही इंजिने आणि डबे आहेत, पण कायमचा लेआउट मांडायला स्वतंत्र खोली नाही आणि ती मिळण्याची शक्यताही नाही. त्यामुळे मांडता येईल, काढता येईल आणि सहज उचलून नेता येईल असा लेआउट बांधण्याचे ठरवले आहे. घरी तो दिवाणाखाली राहील, सुटीत सिन्नरच्या घरी नेता येईल आणि एखाद्या शाळेने बोलावले तर विज्ञान प्रदर्शनात मांडता येईल, अशी कल्पना आहे.

मर्यादा स्पष्टच सांगतो. दिवाणाखालची मोकळी उंची २८ सेंटिमीटर आहे. आमच्या लिफ्टमध्ये आणि गाडीची मागची सीट पाडून झालेल्या जागेत १२० सेंटिमीटर लांबीपर्यंतची वस्तू आरामात मावते. रुंदी ४० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर जिन्याच्या वळणावर अडचण होते. उचलायला मी आणि नववीत शिकणारी माझी पुतणी, असे दोघेच असू. म्हणून १२० बाय ४० चे दोन बोर्ड, म्हणजे जोडल्यावर २४० सेंटिमीटर लांबी, असा विचार केला आहे.

विषय नाशिक परिसरातलाच हवा. तीन कल्पना मनात आहेत. पहिली, कसारा ते इगतपुरी हा थळ घाट, मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांसह. दुसरी, नाशिक रोड स्थानक आणि फलाटावर उभी असलेली पंचवटी एक्सप्रेस. तिसरी, नाशिकची जुनी घोड्यांची ट्राम. यांतली कोणती कल्पना एवढ्या जागेत न्याय्य रीतीने मांडता येईल? बोर्डांचा जोड, प्रवासातली सुरक्षितता आणि विजेची जोडणी यांविषयीही अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

इगतपुरी_लोको:

आपण मर्यादा आधी सांगितल्यात हे फार बरे केले, कारण वाहून न्यायच्या लेआउटची रचना दिवाण, लिफ्ट आणि गाडी यांच्या मापांतूनच ठरते. आता तीच मापे तीनही कल्पनांना लावून पाहू.

आधी वर्तुळाकार मार्गाचा प्रश्न निकालात काढतो. पेको या मॉडेल रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या कंपनीच्या तयार रुळांमधले एचओचे सर्वांत लहान वळण ३७१ मिलिमीटर त्रिज्येचे असते, म्हणजे गाडी गोल फिरवायची तर बोर्डाची रुंदी ८० सेंटिमीटरच्या वर हवी. एन प्रमाणात, १:१६० मध्ये, सर्वांत लहान त्रिज्या २२८ मिलिमीटर असली तरी सुमारे ५० सेंटिमीटर रुंदी लागतेच. त्यामुळे ४० सेंटिमीटरच्या बोर्डावर गाडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाईल आणि परत येईल, एवढाच मार्ग उरतो, आणि तो पुरेसा आहे.

थळ घाटाविषयी माझ्या मनात किती आदर आहे हे माझ्या सदस्यनामावरून कळेलच, आणि म्हणूनच तो या जागेत मांडू नये असे माझे मत आहे. घाटाचा चढ ३७ ला १ असा आहे. २४० सेंटिमीटर लांबीत त्या चढाने रूळ जेमतेम साडेसहा सेंटिमीटर वर जाईल आणि पाहणाऱ्याला चढ जाणवणारही नाही. घाटाची भव्यता रुळांखालच्या दऱ्यांमध्ये आहे. तीस मीटर खोल दरी धरली तरी एचओमध्ये ती ३४ सेंटिमीटर होते, म्हणजे आपल्या दिवाणाखालच्या उंचीपेक्षा जास्त. घाट छाटून लहान केला की एक बोगदा, एक कमान आणि हिरवा रंग एवढेच शिल्लक राहते, आणि तसे तर कुठल्याही डोंगराचे दृश्य असू शकते.

पंचवटीचेही गणित अवघड आहे. आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) एक डबा बफरसह सुमारे २२.३ मीटर, म्हणजे एचओत साडेपंचवीस सेंटिमीटर भरतो. इंजिन आणि सहाच डबे घेतले तरी गाडी पावणेदोन मीटरच्या पुढे जाते, आणि मग २४० सेंटिमीटरच्या लेआउटवर ती पुढेमागे थोडी सरकण्यापलीकडे काही करू शकत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगाची आहे. ताशी १०० किलोमीटर धावणारी गाडी १:८७ मध्ये सेकंदाला सुमारे ३२ सेंटिमीटर जाते, म्हणजे आपले दोन्ही बोर्ड ती साडेसात सेकंदांत ओलांडेल. शंटिंग करणारे, म्हणजे डबे-वॅगन पुढेमागे हलवून लावणारे, इंजिन ताशी १० किलोमीटरने चालते. त्याला तेच अंतर कापायला सव्वा मिनिट लागेल. लहान लेआउट मोठा वाटावा असे वाटत असेल, तर ज्या जागी गाड्या मुळातच सावकाश चालतात अशी जागा निवडावी: यार्ड, मालधक्का, साइडिंग (मुख्य मार्गाला फुटणारी बाजूची लाइन).

म्हणून माझी सूचना एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या कोळसा साइडिंगवर बेतलेल्या शंटिंग लेआउटची आहे. मांडणी 'इंगलनूक' पद्धतीची ठेवावी. अॅलन राइट या इंग्रज छंदिष्टाने ती रचली. तीन साइडिंग असतात, एकीत पाच वॅगन मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन, आणि शंटिंग नेकमध्ये (इंजिन पुढेमागे होण्यासाठीच्या टोकाच्या लाइनीत) इंजिनासह तीन वॅगन. एकूण आठ वॅगन ठेवायच्या, चिठ्ठ्या काढून त्यांतल्या पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्यांच्याच क्रमाने त्यांची गाडी लावायची. आठांतून पाचांच्या क्रमवार निवडी ६,७२० होतात, त्यामुळे खेळ संपत नाही. बॉक्सएन ही उघडी मालवॅगन एचओत सव्वाबारा सेंटिमीटर आणि डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन सुमारे २० सेंटिमीटर धरले, तर दोन सांध्यांसह (सांधा म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा) सगळी मांडणी १५५ सेंटिमीटरच्या आसपास बसते. उरलेली लांबी देखाव्याला वापरता येईल.

मेनरोड_जुना:

इगतपुरी_लोको यांचा वेगाचा मुद्दा मला पूर्ण पटला, आणि त्याच मुद्द्यावर मी ट्रामची बाजू मांडतो.

नाशिकची ट्राम १८८९ मध्ये सुरू झाली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिका इमारतीपासून नाशिक रोड स्थानकापर्यंत, आठ-दहा किलोमीटर अंतर ती जात असे. दोन डबे आणि ते ओढणारे चार घोडे, अशी तिची सुरुवातीची रचना होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे तिचे सल्लागार अभियंता होते. याच कॅलथ्रॉप यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली आणि ती १८९७ मध्ये सुरू झाली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकची ट्राम बंद पडली. आज शहरातल्या शाळकरी मुलांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल. शाळेतल्या प्रदर्शनासाठी याहून योग्य विषय मला सुचत नाही.

आता मापांचे पाहू. ट्रामचा गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर होता. १:८७ ने भागले तर ८.७६ मिलिमीटर येतात, आणि एन प्रमाणाचा बाजारात सहज मिळणारा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. फरक तीन टक्क्यांच्या आत आहे. ब्रॉडगेजच्या बाबतीत ही सोय नाही. १६७६ मिलिमीटरला ८७ ने भागल्यास १९.३ मिलिमीटर यायला हवेत, पण एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचाच असतो, त्यामुळे समोरून पाहिल्यावर आपली भारतीय इंजिने रुळाबाहेर ओथंबलेली दिसतात. अरुंद मार्ग निवडला की हा दोष निघून जातो, आणि माणसे, घरे, टांगे, बैलगाड्या हे सगळे आपल्याकडच्या एचओ प्रमाणातच राहते.

घोड्यांची अडचण खरी आहे, कारण एचओतले घोडे पाय टाकत नाहीत. यावर व्यवहार्य उपाय असा की मोटर डब्यात बसवावी, घोड्यांची जोडी बारीक पोलादी तारेच्या दांडीने डब्याला जोडावी आणि खूर जमिनीपासून अगदी कागदाच्या जाडीएवढे वर ठेवावेत. डबा घोड्यांना ढकलतो हे डोळ्यांच्या उंचीवरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मात्र त्यासाठी मोटरला मोठ्या प्रमाणाचे गिअर हवेत, कारण घोड्याच्या मंद दुडक्या चालीने, ताशी १० किलोमीटरने, डबा सेकंदाला ३ सेंटिमीटरच सरकला पाहिजे. ट्राम धावताना दिसली तर सगळाच देखावा खोटा ठरेल.

देवळाली_कॅम्प:

थोडा मतभेद नोंदवतो. प्रदर्शनात येणारी मुले खऱ्या रेल्वेतून प्रवास करणारी असतात, त्यांना आगगाडीही पाहायची असते, आणि प्रश्नकर्त्याजवळचा एचओचा संग्रह कपाटात ठेवून केवळ ट्राम करावी हे मला रुचत नाही. नाशिक रोड स्थानकाबाहेरचा ट्रामचा शेवटचा थांबा पुढच्या भागात आणि मागे ब्रॉडगेजची मालसाइडिंग, अशी एकत्र मांडणी करता येईल. दोन्ही ठिकाणी गाड्या सावकाशच चालतात, त्यामुळे वरचा नियमही पाळला जातो.

फक्त काळाचे भान ठेवावे. मुंबईकडून विजेची तार थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत आली ती ट्रामच्या अखेरच्या वर्षांत, १९३० च्या सुमारास, आणि तीही १५०० व्होल्ट डीसीची. नाशिक रोडला वीज येण्यास त्यानंतर काही दशके लागली. त्यामुळे ट्रामसोबत मागे डब्ल्यूएपी-७ हे विजेचे इंजिन किंवा बॉक्सएन दाखवता येणार नाही. वाफेचे छोटे इंजिन आणि चारचाकी वॅगनच हव्यात. सुदैवाने चारचाकी वॅगन बॉक्सएनपेक्षा आखूड असते आणि आपल्या जागेला तीच सोयीची आहे.

सातपूर_पॅटर्नशॉप:

विषयाचा निर्णय तज्ज्ञांवर सोडतो आणि लाकूडकामाचे सांगतो, कारण माझे काम ओतकामाचे साचे बनवण्याचे आहे आणि दोन तुकडे प्रत्येक वेळी त्याच जागी बसवणे हा आमचा रोजचा प्रश्न असतो.

आधी उंचीचा हिशोब. घडी करताना दोन बोर्ड समोरासमोर, देखावा आत ठेवून, दोन्ही टोकांना प्लायच्या पाट्या लावून एक बंद पेटी करावी. चौकटीची उंची ७० मिलिमीटर धरली तर दोन चौकटींचे १४० होतात. मध्ये १२५ मिलिमीटर जागा ठेवली की पेटी २६५ मिलिमीटरची होते आणि दिवाणाखाली सरकवायला १५ मिलिमीटर शिल्लक राहतात. या १२५ मिलिमीटरमध्ये दोन्ही बोर्डांचा देखावा मावायचा असल्याने एका बोर्डावर जिथे उंच झाड किंवा घर असेल तिथे दुसऱ्या बोर्डावर मोकळे मैदान यायला हवे. हे आखणीच्या वेळीच, कागद घडी करून, तपासावे. मोठ्या इमारती सुट्या ठेवून वेगळ्या खोक्यात नेल्या तर उत्तमच.

वरच्या पृष्ठाला ६ मिलिमीटर आणि चौकटीला ९ मिलिमीटर प्लायवुड पुरते. आडव्या पट्ट्या दर ३० सेंटिमीटरवर द्याव्यात आणि वायर जाण्यासाठी त्यांना २५ मिलिमीटरची छिद्रे आधीच पाडून घ्यावीत. असा कोरा बोर्ड साडेतीन किलोच्या आसपास भरतो आणि देखाव्यासह सहा किलोपर्यंत जाईल. नववीतली मुलगी एक टोक सहज धरू शकेल. १८ मिलिमीटरचे फर्निचरचे प्लाय वापरू नका. त्याने मजबुती फारशी वाढत नाही, वजन मात्र फार वाढते. प्लाय घेताना आयएस ७१० म्हणजे मरीन प्रतीचे मिळाले तर घ्यावे, आणि ते घेतले तरी दोन्ही बाजूंना व विशेषतः कापलेल्या कडांना सीलर किंवा ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. एकाच बाजूला रंग दिला तर पावसाळ्यात कोरी बाजू ओल घेते आणि बोर्ड वाकतो.

आता जोडाविषयी सविस्तर सांगतो, कारण वाहून न्यायचा लेआउट बिघडतो तो बहुधा इथेच. दोन बोर्ड एकमेकांना भिडतात त्या दोन्ही टोकपाट्या चौकटीत बसवण्याआधी शिकंज्यात एकत्र आवळाव्यात, गुण्याने (काटकोन तपासण्याच्या हत्याराने) कडा तपासाव्यात आणि छिद्रे दोन्हींतून एकाच वेळी आरपार पाडावीत. मग एका पाटीत ८ मिलिमीटरच्या पोलादी पिना आणि दुसरीत त्यांच्या मापाचे पितळी बुश (पिना ज्यांत बसतात त्या नळ्या) ठोकावेत. पिना दोनच असाव्यात आणि शक्य तितक्या दूर असाव्यात. जागा ठरवण्याचे काम या पिना करतात. बोर्ड आवळून धरण्यासाठी वेगळे नट-बोल्ट आणि विंगनट द्यावेत, आणि त्या बोल्टांची छिद्रे मुद्दाम एक मिलिमीटर मोठी ठेवावीत. बोल्टनेच जागा ठरवायची आणि बोल्टनेच आवळायचे असे केले की लाकडातली छिद्रे हळूहळू मोठी होतात आणि रूळ जुळेनासे होतात. लेथवर बुश करून घेणे शक्य नसेल तर पिन काढता येणाऱ्या चांगल्या पितळी बिजागऱ्या दोन्ही बाजूंना लावल्या तरी काम भागते.

रूळ जोडावरून नेताना तो सलग टाकावा, आधीच मध्ये कापू नये. जोडाच्या दोन्ही बाजूंना शेवटच्या दोन-दोन प्लॅस्टिक स्लीपर काढून त्यांच्या जागी तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या स्क्रूने आणि इपॉक्सीने पक्क्या कराव्यात आणि रूळ त्यांना झाळून घ्यावेत. पट्टीवरचा तांब्याचा थर दोन रुळांच्या मध्ये कानसेने खरवडून तोडायला विसरू नये, नाहीतर शॉर्टसर्किट होईल. हे सगळे बोर्ड पिनांवर बसवून, बोल्ट आवळलेल्या स्थितीत करावे आणि सर्वांत शेवटी बारीक करवतीने रूळ जोडाच्या रेषेवर कापावेत. रूळ जोडाला काटकोनात जावा, तिरका जाऊ नये, आणि कोणताही सांधा जोडापासून दहा सेंटिमीटरच्या आत नसावा.

कापण्याच्या ऋतूकडेही लक्ष असू द्यावे. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांखाली जातो आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी चाळिशी गाठतो. निकेल सिल्व्हरचा सव्वा मीटर रूळ तीस अंशांच्या फरकाने अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त लांबतो. रूळ थंडीत टाकत असाल तर तुकड्यांच्या मध्ये थोडी फट सोडावी, भर उन्हाळ्यात टाकत असाल तर तुकडे भिडवले तरी चालतील.

प्रवासात रुळांची उघडी टोके धक्का लागून उखडतात. पेटीच्या टोकपाट्या चौकटीपेक्षा थोड्या उंच ठेवल्या की टोके झाकली जातात आणि वेगळे झाकण लागत नाही.

एकलहरे_सर्किट:

विजेचे थोडक्यात सांगतो. बोर्डाखाली २३० व्होल्टची कोणतीही वायर किंवा अॅडॅप्टर नसावा. शाळेत मुले बोर्डाखाली वाकून पाहणारच. अॅडॅप्टर भिंतीजवळ राहावा आणि लेआउटकडे फक्त १२ व्होल्ट डीसी यावा. एका वेळी एकच ट्राम आणि एकच इंजिन चालणार असेल तर डीसीसीची (प्रत्येक इंजिन स्वतंत्रपणे चालवणाऱ्या डिजिटल नियंत्रणाची) गरज नाही. ट्रामला आणि ब्रॉडगेजला प्रत्येकी एक, असे दोन साधे कंट्रोलर पुरतील.

रुळांच्या जोडपट्ट्यांवर विजेसाठी विसंबू नका. त्या सैल होतात, काळ्या पडतात. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर झाळून खालच्या मुख्य वायरला जोडावी. दोन बोर्डांमध्ये वायर नेण्यासाठी डी-प्रकारचा बहुपिनी कनेक्टर वापरावा, आणि त्याची वायर तीसेक सेंटिमीटर लांब ठेवावी, म्हणजे बोर्ड वेगळे करण्याआधी कनेक्टर काढायचा राहिला तरी ताण येणार नाही.

ट्रामच्या बाबतीत एक गोष्ट अत्यावश्यक आहे. चारचाकी डबा सेकंदाला ३ सेंटिमीटर या गतीने प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या भागावर) आला की हमखास थांबतो, कारण त्याच्या चारच चाकांना वीज मिळत असते आणि पुढे रेटणारा वेगही नसतो. म्हणून धातूच्या फ्रॉगचेच सांधे घ्यावेत आणि सांधा बदलला की फ्रॉगची ध्रुवता बदलेल अशी व्यवस्था करावी. याला विजेची महागडी मोटर लागत नाही. सायकलचा एक स्पोक बोर्डाखालून पुढच्या कडेपर्यंत आणावा, त्याचे आतले टोक साध्या सरकत्या स्विचमधून पुढे सांध्याच्या पट्टीला जोडावे. स्पोक ओढला की सांधाही बदलतो आणि स्विच फ्रॉगची वीजही बदलतो. मुलांना स्वतः सांधा ओढायला देता येतो, हा आणखी एक लाभ. शिवाय डब्यात जागा असेल तिथे एक कपॅसिटर आणि त्याचे छोटे सर्किट बसवता आले तर धुळीच्या ठिपक्यावरही ट्राम अडणार नाही.

जेलरोडकर:

सर्वांचे मनापासून आभार. देवळाली_कॅम्प यांची एकत्र मांडणी स्वीकारतो. पुढच्या भागात ९ मिलिमीटरच्या रुळावर ट्रामचा नाशिक रोडचा थांबा, एका सांध्याने वेगळी होणारी दुसरी मार्गिका आणि घोडे बदलण्याची जागा. मागे १६.५ मिलिमीटरच्या रुळावर चारचाकी वॅगनची इंगलनूक, पण लांबी वाचवण्यासाठी ३-२-२ अशी लहान केलेली. ब्रॉडगेज मागे असल्याने त्याच्या गेजमधला फरकही नजरेत कमी भरेल. बोर्ड सातपूर_पॅटर्नशॉप यांनी सांगितलेल्या मापांनीच करून घेतो.

दोन शंका उरतात. जमिनीसाठी नाशिकचीच माती वापरावी असे वाटते, तर ती कशी तयार करावी? आणि शाळेच्या सभागृहातली फरशी समपातळीत नसते, तिथे काय करावे?

सातपूर_पॅटर्नशॉप:

फरशीचे सोपे आहे. बोर्ड ज्यांवर ठेवायचे त्या घडीच्या स्टँडच्या प्रत्येक पायाखाली १० मिलिमीटरचा बोल्ट आणि त्याला अडकवलेला नट असा फिरवून उंची बदलणारा पाय द्यावा. आधी एक बोर्ड लेव्हल लावून सरळ करावा, मग दुसरा त्याला जोडावा. दोन्ही एकदम सरळ करण्याच्या खटपटीत पिनांवर जोर येतो. बोर्डाची उंची पाहुण्या मुलांच्या डोळ्यांना थोडी खाली येईल इतकी, साधारण ९५ ते १०० सेंटिमीटर ठेवावी.

मेनरोड_जुना:

मातीची कल्पना उत्तम आहे, कारण आपल्या भागातल्या मातीचा तपकिरी-काळसर रंग परदेशी तयार चुऱ्यात मिळत नाही. पण एक धोका लक्षात घ्यावा. आपला सगळा परिसर दख्खनच्या काळ्या बेसॉल्टचा आहे आणि त्या दगडात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते. गोदावरीच्या काठची काळी वाळू लोहचुंबकाला चिकटते ती त्यामुळेच. असे कण रुळांवर राहिले तर मोटरच्या चुंबकाकडे खेचले जातात आणि गिअरमध्ये अडकतात. म्हणून माती आधी कढईत मंद आचेवर कोरडी भाजून घ्यावी, म्हणजे ओल आणि कीड दोन्ही जातील. मग बारीक चाळणीने चाळावी आणि कागदावर पातळ पसरून, पिशवीत गुंडाळलेले जोरकस लोहचुंबक तिच्यावरून पुन्हा पुन्हा फिरवावे. काहीच चिकटेनासे झाले की माती वापरण्याजोगी झाली असे समजावे.

ब्रॉडगेजच्या रुळांखालच्या खडीसाठी मात्र ही माती चालणार नाही. खऱ्या मार्गावरची पाच सेंटिमीटरची खडी १:८७ मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठी होते, त्यामुळे तिला वेगळी, जाड चाळणी लागते. दगडाची भुकटी असलेली रांगोळी राखाडी रंगवून वापरली तर हा आकार चांगला साधतो आणि तिच्यात लोहकणांची भीतीही नसते. रवा किंवा इतर कोणतेही धान्य वापरू नये, दिवाणाखाली मुंग्या आणि उंदीर ते सोडत नाहीत. चिकटवताना फेविकॉलमध्ये निम्मे पाणी आणि भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडावे. सांध्यांच्या हलत्या पट्टीजवळ हा द्रव जाऊ देऊ नये, तिथली खडी कोरडीच, अगदी विरळ ठेवावी. पूर्ण वाळल्यावर बोर्ड उभा करून मागून हलके ठोकावे आणि जे सुटे पडेल ते झटकून मगच पेटी बंद करावी, कारण सिन्नरपर्यंतच्या रस्त्यावर जे निसटेल ते समोरच्या बोर्डावरच्या रुळांत जाऊन बसेल.